बिनबैलाचा घेवडा

तुळजाबाईंच्या घराला तीन मजले होते. खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. वरच्या दोन मजल्यांवर कंपनीत जाणारी मुलं भाड्यानं राहत. ती सकाळी जिना उतरत आणि रात्री कधीतरी चढत. तुळजाबाईंना त्यांची नावं माहीत नव्हती. बुटांच्या आवाजावरून मात्र कळे, हा दुसऱ्या मजल्यावरचा, हा तिसऱ्यावरचा.

घर वारज्यात होतं. वारजं गाव होतं तेव्हा या जागी गोठा होता आणि गोठ्यापासून ओढ्यापर्यंत सात एकर रान. गाव महापालिकेत गेलं आणि रान तुकड्या-तुकड्यानं बिल्डरकडे गेलं. शेवटची बैलजोडी चाकणच्या बाजारात विकून सोनबा घरी आले, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. पुढं तीन वर्षांत तेही गेले. मुलगा संभाजी बायकापोरांना घेऊन बावधनला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. आईला चल म्हणाला होता. तुळजाबाई एकदा जाऊन आल्या. सातवा मजला. खिडकीपाशी त्या जातच नसत. चार दिवसांत त्या परत आल्या.

परत यायला एक कारण होतं. घराची मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये तीन हात रुंदीची पट्टी होती. संभाजीनं सगळीकडे फरशी घातली होती. ही पट्टी मात्र तुळजाबाईंनी घालू दिली नव्हती.

"आई, चिखल होतो तिथं."

"हू दे. माज्या पायाला लागंल, तुज्या गाडीला न्हाई."

त्या पट्टीत त्या घेवडा लावत. मुठा खोऱ्यातल्या माहेराहून लग्नानंतर आणलेलं बी होतं. दर वर्षी वेलाच्या बुडाजवळच्या चार-पाच ठसठशीत शेंगा त्या तोडत नसत. वेलावरच वाळू देत. हलवल्यावर आत बी वाजलं, की काढून चुलीच्या राखेत घोळून डब्यात ठेवत. चूल गेल्यावर राख कुठून आणायची हा प्रश्न आला. मग शेवग्याच्या वाळल्या काटक्या पत्र्याच्या घमेल्यात जाळून त्या राख करत. ज्येष्ठात खुरप्यानं आळं करायचं, बी टोचायचं, काठीला सुतळी बांधून वेल भिंतीवर चढवायचा. भाद्रपदात शेंगा लागत. रुंद, जरा वाकड्या, आणि काठानं जांभळी शीर.

या घेवड्यासाठी वर्षातून एकदा त्यांच्याकडे एक बाई यायच्या.

पहिल्यांदा त्या आल्या अडुसष्ट साली. हरतालिकेची दुपार होती. बांधावरून एक तिशीतल्या बाई साडीचा काठ वर धरून, चिखल चुकवत येत होत्या. त्या वासंती सोहोनी. कोथरूडला राहायच्या, शाळेत शिकवायच्या. गोठ्याशी येऊन त्यांनी सोनबांना विचारलं, "बैलानं नांगरलेल्या जमिनीतलं नको. हातानं खणून लावलेली काही भाजी आहे का?"

सोनबा हसले. "बाई, बैलाबिगर काय पिकतंय? बैल नसतं तर आमी तरी कशाला पिकलो असतो?"

"परवा ऋषिपंचमी आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं."

"मंजी बाकीचं वरीसभर खायाचं आन् येकच दिस न्हाई?"

"हो. एक दिवस तरी त्याला सुट्टी."

तुळजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी गोठ्यामागचा वेल दाखवला. "ह्यो म्या कुदळीनं खणून लावलाय. पर खत शेणाचं हाय. बैलाच्याच."

वासंतीबाईंनी एक शेंग हातात धरून बघितली. "शेण चालेल. शेण टाकायला बैलाला कष्ट पडत नाहीत."

त्यांनी ओंजळभर शेंगा घेतल्या आणि पैसे काढले. तुळजाबाईंनी हात मागं घेतला. "बैलाचं कष्ट न्हाईत म्हनताय, मंग माजं कसलं?"

पुढच्या हरतालिकेला वासंतीबाई खण घेऊन आल्या. मग दर वर्षी यायला लागल्या. पहिली तीन-चार वर्षं त्या दारातच उभ्या राहत आणि पाणीही पीत नसत. बहात्तरच्या दुष्काळात सगळी रानं करपली. तुळजाबाईंनी भांडी घासलेलं पाणी ओतून तो एक वेल जगवला होता. वासंतीबाई चालत आल्या त्या उन्हानं लाल झाल्या होत्या. वेलाकडे बघितलं, तुळजाबाईंच्या हातांकडे बघितलं आणि उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "मला पाणी द्या."

तेव्हापासून त्या तासभर बसू लागल्या.

तासभरात बोलणं फार होत नसे. वासंतीबाईंचं बोलणं मोजून-मापून असे. "दूध जास्त घातलंत चहात." "पोरगं शाळेत जातं का नुसतं नाव घातलंय?" पण त्या एक-एक गोष्ट लक्षात ठेवत. तांबड्या बैलाचा खूर दुखावला होता, तर पुढच्या वर्षी आल्या-आल्या पहिली चौकशी त्याची केली. बैल विकले त्या वर्षी त्या रिकाम्या गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या. सोनबा गेल्यावर आल्या, तेव्हा तुळजाबाईंना वाटलं होतं, आता काहीतरी चार शब्द बोलतील. वासंतीबाई म्हणाल्या, "आज चहा मी करते." आणि त्यांनी केला. दूध कमी घातलं होतं.

गोठा गेला, घर झालं, घराचे मजले झाले. वासंतीबाई आधी सायकलीवर, मग बसनं, मग रिक्षानं येत राहिल्या. फरशीवरून मागच्या पट्टीपर्यंत जात आणि वेलाकडे मान वर करून बघत.

"आता तर तुमच्याकडं बैलच नाही. आता शंकाच नको," एकदा त्या म्हणाल्या.

"व्हय. लई शुद्ध झालो आमी," तुळजाबाई म्हणाल्या.

दोघी हसल्या नाहीत. पण त्या वर्षी वासंतीबाई तासाऐवजी दीड तास बसल्या.

बाकी वर्षभर तुळजाबाईंकडे कुणी येत नसे असं नाही. संभाजी महिन्यातून एकदा यायचा, गाडी चालूच ठेवून. मीटरचा माणूस यायचा. पण ज्याच्यासाठी दोन दिवस आधीपासून घर झाडावं असं हेच एक येणं होतं. जुन्या भाऊबंदांनी जमिनी विकून आपापली घरं वर चढवली होती. वाटेत बोलायला अंगण कुणाचंच राहिलं नव्हतं.

दोन हजार पाच साली संभाजीला घर रंगवायची घाई झाली. गणपतीच्या आत झालं पाहिजे, म्हणाला. रंगाऱ्यांनी मागच्या भिंतीला बांबू लावले. हरतालिकेला पाच दिवस होते. तुळजाबाई दवाखान्यात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा भिंत पिस्ता रंगाची झाली होती आणि वेल बुडापासून कापून कोपऱ्यात टाकला होता. त्यावर चुना पडला होता.

"अगं, परत लाव की," संभाजी फोनवर म्हणाला. "भाजी काय, मिळते कुठंही."

"तुला कळायचं न्हाई."

"काय कळायचं नाही? सांग ना."

तुळजाबाईंनी फोन ठेवला. त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की वासंतीबाई येतील, वेलाच्या रिकाम्या जागेकडे बघतील आणि परत जातील. त्यांना घेवडा हवा म्हणून त्या येतात. इथं नाही मिळाला तर पुढच्या वर्षी दुसरीकडं बघतील. म्हाताऱ्या झाल्या आहेत. कुणी जवळचं सापडलं तर कशाला एवढ्या लांब येतील?

डब्यातल्या राखेत बी होतं. पाच दिवसांत बी शेंग देत नाही.

हरतालिकेच्या दिवशी पहाटे त्या बसनं मार्केट यार्डात गेल्या. हमालांच्या धक्क्यांतून, पोत्यांच्या रांगांतून फिरल्या. जांभळ्या शिरेचा घेवडा कुठंच नव्हता. एका गाळ्यावर हिरवा, सरळ, एकसारखा घेवडा होता. त्यांनी विचारलं, "कुठला ह्यो?"

"नारायणगावकडचा. शंभर एकरातला. घ्या मावशी, पहिल्या तोडीचा आहे."

तुळजाबाईंनी अर्धा किलो घेतला. घरी येऊन तो टोपलीत घातला. कापलेल्या वेलाची चार पानं चुना पुसून वर ठेवली. हे करताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी केलं.

वासंतीबाई दुपारी आल्या. मागं गेल्या नाहीत. गुडघे दुखत होते. टोपलीतली एक शेंग उचलून त्यांनी बोटांनी चाचपली.

"यंदा अगदी सरळ आलाय."

"पाऊस चांगला झाला," तुळजाबाई म्हणाल्या.

वासंतीबाईंनी शेंग परत ठेवली. चहा घेतला. शेंगा पिशवीत भरल्या. उठताना म्हणाल्या, "भिंत छान रंगवलीत." आणि गेल्या.

पुढचं वर्षभर तुळजाबाईंना ते टोचत राहिलं. एवढी व्रताची बाई. सदतीस वर्षांत एकदाही चुकली नाही. शंभर एकरातलं, बैलाचं नाहीतर ट्रॅक्टरचं, कुणाकुणाच्या कष्टाचं आपण तिच्या ताटात घातलं. तिचं व्रत मोडलं आणि तिला ठाऊकही नाही. एखादं पाप करून ते दुसऱ्याच्या पदरात बांधावं, तसं झालं. त्यांनी ठरवलं, पुढच्या हरतालिकेला सांगून टाकायचं. येणं बंद झालं तर झालं.

त्या ज्येष्ठात त्यांनी दुप्पट बी टोचलं. रात्री उंदीर येतात म्हणून भोवती काटे रोवले. भाद्रपदात भिंतीचा पिस्ता रंग दिसेनासा झाला. हरतालिकेच्या दुपारी त्यांनी चहाचं आधण दोनदा ठेवलं, दोनदा उतरवलं. रस्त्यावर रिक्षा थांबली की त्या फाटकापाशी जात. एका रिक्षातून दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा उतरला. म्हातारी फाटकात का उभी आहे ते त्याला कळलं नाही. तो "हाय आजी" म्हणून वर गेला.

वासंतीबाई आल्या नाहीत. ऋषिपंचमी गेली. गौरी गेल्या. गणपतीचे ढोल वाजून थांबले.

तुळजाबाईंना वाटलं, कळलं त्यांना. सरळ शेंग बघूनच कळलं असणार. म्हणून येणं तोडलं.

वेलावर शेंगा जून व्हायला लागल्या. तोडल्या नाहीत तर वाया जाणार. नवरात्र संपलं आणि कडक ऊन पडायला लागलं, तेव्हा त्यांनी कोवळ्या होत्या तेवढ्या शेंगा काढल्या. शिरा सोलल्या. हातानंच मोडल्या, विळी लावली नाही. पातेल्यात मिठाचं पाणी उकळून त्यात शेंगा घातल्या आणि एक कढ येताच उपसल्या. जास्त उकळलं तर लगदा होतो, कमी उकळलं तर पुढं कीड लागते. जुन्या धोतराच्या फडक्यावर एक दिवस सावलीत पसरल्या आणि मग चार दिवस गच्चीवर उन्हात. गच्चीवर जायला तीन जिने होते. सकाळी पसरायला आणि संध्याकाळी गोळा करायला त्या चढत. पाचव्या दिवशी शेंगा मुठीत घेऊन हलवल्या तर खुळखुळल्या. मग दोन वाळल्या मिरच्या घालून बरणीत भरल्या. टोपलीभर शेंगांची एक बरणी झाली.

असं दर वर्षी उरलेल्या शेंगांचं करत. या वर्षी सगळ्याच उरल्या होत्या.

बरणीकडे बघता-बघता त्यांच्या मनात आलं, आपणच जाऊ. सांगू आणि देऊन येऊ. हे तरी बिनबैलाचं आहे. पण जायचं कुठं? अडतीस वर्षांत त्यांनी पत्ता विचारला नव्हता. त्यांनी ट्रंक उघडली. वासंतीबाईंनी दिलेल्या खणांच्या तळाशी एक लग्नपत्रिका होती. वासंतीबाईंच्या मुलाच्या लग्नाची. वीस वर्षं झाली असतील. त्या वेळी तुळजाबाई गेल्या नव्हत्या. एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकांत आपल्याला कोण ओळखणार, असं वाटलं होतं.

रिक्षावाल्यानं पत्रिका वाचली आणि म्हणाला, "आजी, हे लग्न होऊन गेलं."

"ठावं हाय. तुला न्हाई बोलावलं. घर दाव."

घर सापडलं. जुन्या बंगल्याच्या जागी इमारत झाली होती, पण पाटीवर सोहोनी नाव होतं. दार एका चाळिशी ओलांडलेल्या बाईंनी उघडलं. पत्रिकेतली नवरी, प्रेमला, ती हीच. वासंतीबाईंची सून.

"आपण?"

"वारज्याची. घेवड्याची."

प्रेमला गोंधळली. मग म्हणाली, "अच्छा, आई जायच्या त्या! या ना. आई इथं नाहीत. जूनमध्ये सांगलीला गेल्या, माझ्या नणंदेकडं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आता तिथंच राहणार. इथं आम्ही दोघंही नोकरीला, त्यांच्याकडे बघायला कुणी नाही."

तुळजाबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या. बरणी मांडीवर होती. बोलायचं ठरवून आल्या होत्या, ते सुनेपाशीच बोलून गेल्या. "माज्याकडनं लई मोठी चूक झाली. मागल्या वर्साला म्या बाईंना बाजारचा घेवडा दिला. त्येंचं व्रत मोडलं."

"कसलं व्रत?"

"ऋषिपंचमीचं."

प्रेमलानं त्यांच्याकडे बघितलं. "अहो, आईंचं उद्यापन कधीच झालंय. माझ्या लग्नाच्या आधी. एकदा उद्यापन केलं की व्रत संपलं. नंतर आमच्याकडं त्या दिवशी नेहमीचाच स्वयंपाक असतो. ती ऋषीची भाजी करतो हौस म्हणून, पण मंडईत तयार वाटे मिळतात. काही बंधन नाही."

तुळजाबाईंना पहिल्यांदा नीट समजलं नाही. त्यांनी मनातल्या मनात वर्षं मागं नेली. सोनबा होते तेव्हा उद्यापन झालेलं होतं. बैल विकले तेव्हा झालेलं होतं. रिकाम्या गोठ्यात उभ्या होत्या, तेव्हाही.

"मंग येत कशाला हुत्या?"

"ते मला कसं माहीत?" प्रेमला म्हणाली. "आम्ही सांगायचो, आई, रिक्षानं एवढं लांब जायची काय गरज. ऐकायच्या नाहीत. थांबा, फोन लावून देते. तुम्हीच विचारा."

तिनं फोन लावला, "आई, वारज्याच्या बाई आल्यात," असं म्हणाली आणि फोन तुळजाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"बाई?"

"बोला. मोठ्यानं बोलू नका, ऐकू येतं मला."

तुळजाबाईंनी सगळं सांगितलं. रंगारी, चुना, मार्केट यार्ड. मग वासंतीबाई म्हणाल्या, "कळलं होतं मला. जांभळी शीर नव्हती."

"मंग बोलला का न्हाई?"

"तुम्ही तरी कुठं बोललात? पाऊस चांगला झाला म्हणालात."

"पाप झालं माज्या हातनं."

"पाप वगैरे काही नाही. चव नव्हती, एवढंच."

तुळजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "उद्यापन झाल्यालं मला म्हाईत न्हवतं. तरी येत हुता तुमी."

वासंतीबाई म्हणाल्या, "व्रत संपलं म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, मग बाई आता कशाला येता? काय सांगणार होते मी?"

प्रेमलानं घड्याळाकडे बघितलं. तिची सुट्टी अर्ध्या दिवसाची होती.

"पुढल्या हरतालिकेला?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नाही जमायचं. आता मी इथून कुठं हलत नाही, तुळजाबाई."

इतक्या वर्षांत त्या नुसतं 'अहो' म्हणत आल्या होत्या. नाव त्यांना ठाऊक होतं, हे तुळजाबाईंना तेव्हा कळलं.

"शेंगा वाळवून आनल्यात. हितं ठिवून जाते. कुनी आलं तर—"

"तिथं ठेवू नका. प्रेमलाला करता येत नाही. नासवेल."

"मंग?"

"घरी न्या. तुम्ही खा. कधी खाल्लात का नुसता तुमच्यासाठी म्हणून?"

तुळजाबाई आठवत राहिल्या. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी वासंतीबाईंना औषधाची हाक मारली, "हो, आले" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. नंबर लिहून घ्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. प्रेमलाच्या आलं असतं, पण ती पर्स शोधत होती.

वारज्याला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. घरात वर-खाली कुणी नव्हतं. तुळजाबाईंनी बरणी ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ बसून राहिल्या. वर्षभर जे टोचत होतं, ते आता नव्हतं. त्यांना वाटलं होतं हलकं वाटेल. पण पाप होतं तोवर कुणाला तरी सांगायचं होतं, कुणाची तरी वाट बघायची होती. आता कुणाला काही सांगायचं राहिलं नव्हतं.

मग त्या उठल्या. गरम पाण्यात मूठभर शेंगा भिजत घातल्या. अंदाज चुकला. वाळलेल्या शेंगा मुठीत कमी वाटतात आणि भिजल्यावर पातेलंभर होतात, हे त्यांना ठाऊक होतं, तरी चुकला. तेलात लसूण घातला, शेंगा घातल्या, दाण्याचं कूट घातलं. ताट वाढून त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. पहिला घास घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मीठ थोडं जास्त झालंय. उकळताना पाण्यात घातलं होतं, ते धरलंच नव्हतं.

त्या सावकाश जेवल्या. भाजी बरीच उरली. कुणाला वाटी द्यावी असं मनात आलं. त्या जिना चढून गेल्या. वरती दोन्ही दारांना कुलूप होतं.

उरलेली भाजी त्यांनी झाकून ठेवली आणि सकाळी भाकरीबरोबर तीच खाल्ली.